गेटजवळची जागा नको रे बाबा!

शनिवारची सकाळ. अख्खं बाणेर पांघरुणात गुडुप, आणि मी व माझी ताई छोटा हत्तीमध्ये ड्रायव्हरशेजारी कोंबून बसलेल्या. मागे दोन फोल्डिंगची टेबलं, एक हँगरचा स्टँड आणि साठ बॅगा. साध्यासुध्या नाहीत हं! आईच्या आणि शेजारपाजारच्या काकूंच्या जुन्या सुती साड्या एकावर एक घालून, गोधडीचा टाका मारून शिवलेल्या बॅगा. आयुष्यातला पहिला फ्ली मार्केट स्टॉल. आम्ही दोघी सॉलिड एक्सायटेड.

तर मंडळी, तुमच्यापैकी निम्म्यांच्या डोक्यात हा किडा आहेच. कुणी साबण बनवतंय, कुणी मातीचे कानातले, कुणी ऑफिसातून आल्यावर रात्री बारापर्यंत ब्राउनी भाजतंय. ‘एकदा फ्ली मार्केटला स्टॉल लावून बघू या’ हे वाक्य प्रत्येक कॅन्टीनमध्ये आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं. लावा, जरूर लावा. फक्त एक गोष्ट आमच्याकडून फुकटात शिकून घ्या. आम्हाला ती ४८७५ रुपयांना पडली.

प्राइम लोकेशन!

आधी ताईबद्दल. वय अडतीस. मुलगी झाल्यावर बँकेतली नोकरी सोडली. दहा वर्षांनी परत उभं राहायचं ठरवलं, तर तीन इंटरव्ह्यूंमध्ये तिघांनीही त्या दहा वर्षांबद्दलच विचारलं. मग एक दिवस तिने आईचं शिलाई मशीन माळ्यावरून खाली काढलं. घरात कुणी विरोध केला नाही. उलट सगळे कौतुकाने म्हणायचे, ‘छान छंद आहे हो!’ भावोजीही तेच म्हणायचे. या ‘छंद’ शब्दाने ताईला काय होतं ते मला माहीत आहे. तिने एफडी मोडून पंचवीस हजार यात घातले होते आणि मला एकटीला सांगितलं होतं, ‘मार्चपर्यंत बघते. नाही जमलं तर सरळ एखाद्या क्लासमध्ये अकाउंट्स शिकवायला जाते.’

स्टॉल बुक करायचं काम माझं. कारण मी पडले मार्केटिंगवाली! आयोजकांचा फोन आला. ‘मॅडम, साधा स्टॉल दोन दिवसांचे सहा हजार. पण तुमच्यासाठी दोन नंबर ठेवलाय, नऊ हजार. एकदम प्राइम! गेटमधून पाऊल टाकलं की पहिल्या तुम्हीच.’ मी नकाशासुद्धा न बघता हो म्हटलं. पहिल्या आम्हीच, म्हणजे सगळी गर्दी आमच्याच समोरून जाणार. याहून भारी काय असतं?

गर्दी समोरूनच गेली. अगदी शब्दशः. गेली!

आत आलेला माणूस काय करतो, ते त्या दिवशी मी तासन्‌तास बघितलं. आधी हातावर शिक्का मारून घेतो. मग फोन काढून ‘अरे, मी पोचलो, तू कुठेयस?’ विचारतो. मग मान उंच करून स्टेज कुठाय, खायचं कुठाय ते शोधतो. या सगळ्यात तो आमचा स्टॉल ओलांडून चार स्टॉल पुढे गेलेला असतो. ज्या दोन-चार बायका थबकल्या, त्यांना मागून येणाऱ्या लोंढ्याचे धक्के. एकीने बॅग हातात घेतली, आतली चेन उघडून बघितली, तेवढ्यात कुणाची तरी प्रॅम तिच्या टाचेला लागली. बॅग खाली आणि बाई पुढे. दुपारी तीननंतर ऊन सरळ आमच्या तोंडावर. साडेबारापर्यंत तर भवानीसुद्धा झाली नव्हती.

आणि सगळ्यात गोड वाक्य कुठलं सांगू? ‘जाताना बघते हं!’ दिवसभरात किमान तीस जणींनी ऐकवलं असेल. आम्ही आपल्या आशेवर. रात्री नऊ वाजता कळलं की बाहेर जायचं गेट पार्किंगच्या बाजूला, लॉनच्या दुसऱ्या टोकाला होतं. जाताना आमच्यासमोरून कुणी जाणारच नव्हतं!

दोन दिवसांत अकरा बॅगा गेल्या. बॅग ६५० ची. अस्तर, चेन, दोरा आणि टाके घालायला येणाऱ्या मावशींचे पैसे धरून खर्च २७५. म्हणजे एका बॅगेमागे सुटतात ३७५. अकरा बॅगांचे झाले ४१२५, भाडं नऊ हजार. वजाबाकी तुम्हीच करा. टेम्पो आणि वडापाव वेगळे.

पैशांचं मला एवढं वाटलं नाही. रविवारी रात्री ताई एकेक बॅग घडी घालून गाठोड्यात ठेवत होती. शांतपणे म्हणाली, ‘मला वाटतं माझ्या बॅगाच तेवढ्या चांगल्या नाहीत गं.’ तेव्हा मात्र पोटात खड्डा पडला. जागा चुकली की माणूस आधी मालाला दोष देतो आणि मग स्वतःला. आणि जागा तर मी निवडली होती.

जुन्या बाजारातले काका

पुढच्या रविवारी मी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेले. बुधवार-रविवारच्या या बाजारात पुणेकरांच्या पिढ्यान्‌पिढ्या जुनी कुलपं, नळ, घड्याळं आणि न लागणारे कॅमेरे विकत घेत आल्या आहेत. मला हवा होता एखादा जुना लाकडी स्टँड. तो मिळाला नाही. पण एक काका भेटले. ताडपत्रीवर कुलूप-किल्ल्यांचा ढीग मांडून बसलेले. बाजाराच्या तोंडाशी जागा दिसत असूनही हे आपले आत, चहाच्या गाडीसमोर. मी न राहवून विचारलं, ‘काका, पुढे का नाही बसत? तिथे गर्दी जास्त आहे की.’

काकांनी माझ्याकडे बघितलं. मार्केटिंगवाल्या पोरीकडे बघावं तसंच. ‘पोरी, गिऱ्हाईक चालतंय कुठं ते बघू नये. खोळंबतंय कुठं ते बघावं. हितं मानूस च्या घेतो. च्या गरम असतो. पाच मिन्टं करनार काय? माझी कुलपं बघतो.’

बॉस! एमबीएच्या दोन वर्षांच्या फीमध्ये हे कुणी सांगितलं नव्हतं.

खरं तर पुस्तकातही आहे ते, मीच वाचलं नव्हतं. पॅको अंडरहिल या अमेरिकन गृहस्थांचं ‘व्हाय वुई बाय’ हे पुस्तक १९९९ चं. दुकानात कॅमेरे लावून माणसं कशी वागतात याचा अभ्यास करणं हाच यांचा व्यवसाय. त्यांचं एक निरीक्षण असं की, दारातून आत आल्याबरोबरच्या पहिल्या काही पावलांत माणसाला काही दिसतच नाही. त्याचे डोळे, पाय, डोकं नव्या जागेशी जुळवून घेत असतं. तिथे मांडलेला माल वाया. दुसरं निरीक्षण न्यूयॉर्कच्या ब्लूमिंगडेल्समधलं. दाराजवळच्या रस्त्यात टायचा स्टँड होता. लोक थांबायचे, टाय बघायचे आणि मागून एक-दोन धक्के लागले की निघून जायचे. म्हणजे आमची प्रॅमवाली बाई! न्यूयॉर्क काय नि बाणेर काय, मागून धक्का लागलेला कुणालाच आवडत नाही.

आणि आपला कायदाही काकांच्याच बाजूने आहे बरं का. पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्यात ‘नैसर्गिक बाजार’ अशी चक्क व्याख्या आहे. म्हणजे जिथे विकणारे आणि घेणारे वर्षानुवर्षं आपणहून जमत आले आहेत, ती जागा. बाजार आधी माणसांच्या पायांनी ठरतो, नकाशावर नंतर येतो. आपले फ्ली मार्केटवाले मात्र आधी नकाशा काढतात आणि मग पायांची वाट बघतात.

आधी गिऱ्हाईक व्हा

डिसेंबरात त्याच लॉनवर तेच मार्केट पुन्हा भरलं. आम्ही स्टॉल घेतला नाही. तिकीट काढून गेलो, संध्याकाळी पाच ते सहा, ऐन गर्दीच्या वेळी. हातात वही-पेन्सिल. तीन ठिकाणी पंधरा-पंधरा मिनिटं उभ्या राहिलो आणि दोनच गोष्टी मोजल्या. समोरून किती जण गेले, आणि समोरच्या दोन स्टॉल्सपाशी किती जण खरोखर थांबले.

गेटजवळ गेले १३२, थांबले ५. मधल्या सरळ रांगेत गेले ९६, थांबले ९. आणि खाण्याच्या स्टॉल्सकडे वळताना जो कोपरा लागतो, तिथे गेले फक्त ५८, पण थांबले १७! वळणावर माणूस आपसूक हळू होतो. शिवाय तिथे आंब्याच्या झाडाला एक कट्टा होता. एक जण मोमोजच्या लायनीत, दुसरी कट्ट्यावर बसलेली. करणार काय? समोरचा स्टॉल बघणार. काकांचा गरम चहाच की हा!

ताई वहीतल्या आकड्यांकडे बराच वेळ बघत राहिली. बँकेतली बाई ती. आकडे बोलतात यावर तिचा विश्वास. म्हणाली, ‘म्हणजे गेटवर शंभरातले चारसुद्धा थांबत नाहीत. अगं, मग आपल्या अकरा बॅगा गेल्या म्हणजे जास्तच गेल्या!’ महिन्याभरात पहिल्यांदा हसली.

त्या एका तासात आणखी बरंच दिसलं. खाण्याच्या जवळ हवं, पण चिकटून नको. अगदी शेजारच्या स्टॉलवर तळणाचा धूर येत होता आणि लोकांच्या दोन्ही हातांत प्लेट. शेजवान चटणीचा हात बॅगेला लागला की संपलं! तीन-चार स्टॉलचं अंतर बरं. स्टेजच्या स्पीकरसमोर तर मुळीच नको. गिऱ्हाईक ‘केवढ्याला?’ विचारतं आणि तुम्ही नुसते ओठ बघत बसता. जनरेटरच्या बाजूला तेच, वर डिझेलचा वास.

दिशा बघायची हे तर डोक्यातच आलं नव्हतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून स्टॉलची पाठ दक्षिणेला आणि तोंड उत्तरेला असेल, तर दिवसभर सावली मिळते. नोव्हेंबरात आमचं तोंड नैर्ऋत्येला होतं. दुपारभर आम्ही डोळ्यांवर हात धरून ‘या ना मॅडम’ करत होतो, आणि साड्यांचे रंग उन्हात विटत होते ते वेगळंच.

आणि मोबाइलची रेंज! हल्ली सुट्टे पैसे कुणाकडे नसतात, सगळा कारभार क्यूआर कोडवर. पार मागच्या रांगेत एक मुलगा फोन उंच धरून ‘एक मिनिट हं, प्रोसेसिंग दाखवतंय’ म्हणत गोल फिरत होता. त्याचं गिऱ्हाईक शेवटी निघून गेलं. आम्ही कोपऱ्यावर उभं राहून एकमेकींना एकेक रुपया पाठवून बघितला. पोचला!

ताईचा फोन

जानेवारीच्या बुकिंगला मी फोन उचलणार, तेवढ्यात ताईने तो माझ्या हातातून घेतला. ‘मी बोलते.’ आणि मग माझी मितभाषी ताई पंधरा मिनिटं बोलली. तिने काय काय विचारलं ते मी लिहून घेतलंय. तुम्हीही ठेवा.

पूर्ण नकाशा पाठवा. त्यावर आत यायचं गेट, बाहेर जायचं गेट, स्टेज, खाणं, पार्किंग, टॉयलेट, जनरेटर हे सगळं दाखवलेलं हवं. जागा आयत्या वेळी बदलणार नाही, हे ईमेलवर लिहून द्या. बॅगांचे एकूण स्टॉल किती आणि माझ्या शेजारी कोण? एका रांगेत चार बॅगवाले बसवलेत तर भाव पाडण्यापलीकडे काही होत नाही. शेजारी कुंड्या किंवा दागिने असले तर त्यांचं गिऱ्हाईक माझं होतं, माझं त्यांचं. प्लग पॉइंट आहे की दिवे आपले आपण आणायचे? टेम्पो स्टॉलपासून किती लांब थांबणार? आणि अवकाळी पाऊस आला तर पैसे परत की पुढची तारीख?

‘३१ नंबर हवाय,’ ती म्हणाली.

पलीकडून आवाज आला, ‘मॅडम, तो आत आहे हो! त्यापेक्षा तीन नंबर घ्या, गेटजवळ.’

‘गेटजवळचं आम्हाला ठाऊक आहे,’ ताई म्हणाली. ‘३१.’

हिशेबही तिनेच मांडला. साधा स्टॉल सहा हजार, म्हणजे सोळा बॅगा भाड्याच्या, सतरावीपासून आपली कमाई. प्राइमला चोविसाव्या बॅगेपर्यंत नुसतं भाडंच. जास्तीच्या तीन हजारांत आठ बॅगा जास्त खपणार असतील तरच प्राइम परवडतं, नाहीतर ते प्राइम आयोजकांचं! मी आमच्या ऑफिसातल्या सगळ्या प्रेझेंटेशन्सची मनातल्या मनात माफी मागितली.

३१ नंबर

जानेवारीत भवानी झाली सकाळी अकरा चाळीसला. दुपारभर सावली. शेजारी कुंड्यांवाली एक मुलगी. पहिल्या तासातच आमचं ठरलं की, एकीला टॉयलेटला जायचं असेल तर दुसरीने दोन्ही स्टॉल बघायचे. बारा तास उभं राहणाऱ्या बाईला हा शेजार म्हणजे काय चीज असते, ते तिलाच विचारा.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला एक मुलगी कट्ट्यावर मक्याचं कणीस खात बसली होती. तिची मैत्रीण मोमोजच्या लायनीत. कणीस संपलं, तिने हात पुसले, समोर आली आणि एका बॅगेवरून बोट फिरवत म्हणाली, ‘ही इरकल आहे ना? माझी आजी नेसायची.’ ताई म्हणाली, ‘बसा ना.’ आणि ती बसली. आजीबद्दल बोलली. आजी गेल्या पावसाळ्यात गेली. दोन इरकली कपाटात आहेत. नेसवत नाहीत आणि टाकवतही नाहीत. वीस मिनिटं! मैत्रीण मोमोज घेऊन आली, तीही बसली. दुसऱ्या दिवशी ती मुलगी दोन्ही साड्या पिशवीत घालून घेऊन आली. बॅग नको होती तिला. गोधडी हवी होती.

गेटजवळच्या स्टॉलवर कुणाला आपल्या आजीबद्दल बोलायला वेळ मिळाला असता का हो?

दोन दिवसांत सव्वीस बॅगा गेल्या. भाडं वजा जाता सुटले ३७५०. नोव्हेंबरचा खड्डा धरला तर अजूनही ११२५ रुपयांनी आम्ही मागेच आहोत. म्हणजे लाखोंची उलाढाल वगैरे काही नाही. सॉरी, ही तसली सक्सेस स्टोरी नाही. आणि जागा चांगली मिळाली की कुठलाही माल खपतो, असंही मी म्हणणार नाही. शेजारच्या रांगेत वळणावरच बसलेल्या एकाचे की-चेन दोन दिवस जागचे हलले नाहीत. पण चांगल्या जागेने एक गोष्ट नक्की केली. आपला माल कसा आहे, हे ताईला पहिल्यांदा खरं खरं कळलं. लोकांनी बॅगा बघितल्या, उलटून टाके तपासले, काही घेतल्या, काही ठेवल्या. एकीने तर ‘पट्टा थोडा लांब हवा’ असंही सांगितलं. नोव्हेंबरात बॅगा नापास झाल्या नव्हत्या. त्यांचा पेपरच कुणी तपासला नव्हता.

परवा ताईकडे जेवायला गेले होते. भावोजी गॅलरीत मित्राशी फोनवर बोलत होते. ‘नाही रे, या शनिवारी नाही जमणार. हिचा स्टॉल आहे ना, माल पोचवायला जायचंय.’ ताई पोळ्या लाटत होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि पोळी उलटली. छंदवाल्या बाईचा माल पोचवायला कुणी जात नाही.

फेब्रुवारीचं बुकिंग तिने मला न विचारता करून टाकलंय. नंबर? ३१, अजून कुठला!